गोव्यात स्पोर्ट्स कारला बाहेरचा इनटेक लावायचाय? मग आधी लाल धूळ आणि पावसाचं बघा

डिचोलीत राहून मस्टँग चालवतो म्हटल्यावर लोकांचा पहिला प्रश्न असतो की ती इथल्या रस्त्यांवर मावते कशी, आणि बॉनेट उघडलं की दुसरा, हा पाईप कुठला, फिल्टर कुठला, पॉवर किती वाढली, आम्ही पण लावू का. याचं उत्तर पेट्रोल पंपावर उभ्या उभ्या देता येत नाही म्हणून एकदाच सगळं बैजवार लिहून काढतोय. इनटेक म्हणजे बाहेरची हवा गाळून इंजिनात नेणारा फिल्टर आणि पाईप, कंपनीचा काढून त्या जागी बाहेरून घेतलेला लावतात तो. माझी गाडी २०१७ ची जीटी, ५.० लिटर व्ही८, सेकंडहँड घेतलेली. पण यातलं बहुतेक सगळं ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड४, ऑक्टाव्हिया व्हीआरएस, कुठल्याही गाडीला लागू होतं, टर्बोवाल्यांना तर जास्तच.

पॉवरचं आधी सांगून टाकतो. नुसता इनटेक बदलून आजकालच्या गाडीत फार काही हाती लागत नाही, वरच्या आरपीएमला थोडा मोकळेपणा जाणवतो एवढंच, कारण कंपनीचा फिल्टरचा बॉक्सपण बंपरच्या आतून थंड हवाच ओढत असतो आणि तो बनवणारे लोक काही अडाणी नव्हते. मिळतो तो आवाज. चोर्ला घाटात तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पुढून जो खोल श्वास ऐकू येतो ना, त्यासाठी मी हा खर्च केला आणि परत करेन. आवाज हवा असेल तर पुढे वाचा. ५० हॉर्सपॉवर वाढतील असं कोणी सांगितलं असेल तर पैसे खिशातच ठेवा.

कुठला घ्यायचा

बाजारात मोटामोटी तीन प्रकार मिळतात. एक, उघडा फिल्टर, इंजिनाच्या शेजारीच पाईपच्या टोकाला लावलेला, स्वस्त आणि आवाज सगळ्यात मोठा. दोन, लांब पाईप खाली बंपर किंवा फेंडरच्या आत नेऊन तिथे फिल्टर. तीन, झाकणवाला बंद बॉक्स, फिल्टर आत आणि हवा समोरच्या मूळच्या वाटेनेच येणार.

गोव्यात तिसराच घ्या, माझं मत पक्कं आहे. उघडा फिल्टर इंजिनाची गरम हवा पितो. मी आधी तोच लावलेला आणि पर्वरीला पुलाच्या कामात वीस मिनिटं अडकलो तेव्हा ओबीडीवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणाऱ्या स्कॅनरवर, आत जाणाऱ्या हवेचं तापमान ४० वरून ६४ अंशांवर चढताना बघत बसलेलो. हवा ३५ अंशांवरून ६५ वर गेली की तिची घनता साधारण ९ टक्के कमी होते, म्हणजे तेवढा ऑक्सिजन कमी, म्हणजे जी काही पॉवर वाढली असेल ती पर्वरीच्या सिग्नलवरच गेली. आणि दुसरा, खालचा प्रकार पावसाळ्यात इंजिनाचा जीव घेतो, त्याबद्दल शेवटी सविस्तर सांगतो.

फिल्टरमध्ये परत दोन जाती, तेल लावलेला कॉटनचा आणि कोरडा सिंथेटिक. दोन्ही धुता येतात. मी दोन्ही वापरले आणि आता कोरड्यावर आहे, कारण तेलाचा अंदाज नवीन माणसाला येत नाही आणि मलाही आला नव्हता.

अजून एक गोष्ट विकत घेतानाच विचारायची, ट्यून लागतो का, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलावी लागते का. बऱ्याच गाड्यांत मॅफ सेन्सर असतो, पाईपमध्ये एक बारीक तापलेली तार, तिच्यावरून हवा गेली की ती थंड होते आणि तिला गरम ठेवायला किती करंट लागला त्यावरून कॉम्प्युटर हवा मोजतो. आता तुम्ही पाईप मोठ्या व्यासाचा लावलात तर तेवढीच हवा तारेजवळून सावकाश जाणार, सेन्सर कमी मोजणार, पेट्रोल कमी पडणार आणि इंजिन लीन चालणार. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो पण फुल थ्रॉटलला तो आधार तितका राहत नाही, आणि ११:१ कॉम्प्रेशनच्या इंजिनात मे महिन्याच्या उन्हात लीन म्हणजे नॉकिंगला (पेट्रोल आपोआप पेटून सिलिंडरमध्ये ठोके बसण्याला) आमंत्रण. जवळ विश्वासाचा ट्यूनर नसेल तर सेन्सरच्या जागी मूळ व्यास ठेवलेला, ट्यून न लागणाराच किट घ्या. आणि किट अमेरिकेचा असेल तर उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला बसतो का हे लेखी विचारून घ्या, काही किट ब्रेक ऑइलच्या डब्याला अडतात.

कागदपत्रांचं

मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत परवानगीशिवाय बदल करता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२ए खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून लावायच्या आधी आरटीओत विचारा, इन्शुरन्सवाल्यांना बदल लेखी कळवा आणि पीयूसी वेळेवर करा. वॉरंटी चालू असेल तर मी थांबायलाच सांगेन.

आणि मूळचा एअरबॉक्स कधी, कधीही विकू नका. माझ्या गाडीच्या बाबतीत तर फोर्डने २०२१ मध्येच भारतात गाड्या बनवणं बंद करायचं जाहीर केलं, आता त्याचा एकेक रबर ग्रोमेट शोधत फिरावं लागतं. शिवाय हा बॉक्स तुम्हाला दरवर्षी पावसाळ्यात लागणार आहे.

बसवायच्या आधी आठवडाभर

हे कोणी करत नाही आणि मग सगळं खापर इनटेकवर फोडतात. एक साधा ओबीडी स्कॅनर घ्या, मोबाईलला जोडणारा, आणि मूळच्या बॉक्सवर गाडीचे आकडे लिहून ठेवा. लाँग टर्म फ्यूल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय तो आकडा, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) किती, ६० च्या स्पीडला किती, आत येणाऱ्या हवेचं तापमान किती. आता पंपावर इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो त्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं आणि ट्रिम आधीच प्लसमध्ये सरकलेला असतो. माझा मूळ बॉक्सवरच +५ होता, इनटेक लावल्यावर +६ झाला, म्हणजे काही बिघडलं नाही. आधीचा आकडा माहीत नसता तर मी उगाच गळती शोधत बसलो असतो.

बसवणं

इंजिन पूर्ण थंड हवं, सकाळी सकाळी करा. बॅटरीची निगेटिव्ह काढा. मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा, हा फोटो दुपारी उपयोगी पडतो. मॅफ सेन्सरच्या प्लगला छोटं लॉक असतं ते आधी मागे ओढायचं, मग क्लिप दाबून प्लग काढायचा. वायरला धरून कधी ओढायचं नाही, वयाने प्लास्टिक कडक झालेलं असतं आणि तुटतं. मग जुबली क्लिपा (पाईप आवळणारे स्क्रूचे गोल पट्टे) सैल करून पाईप काढा आणि थ्रॉटल बॉडीचं (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचं) उघडं तोंड लगेच स्वच्छ फडक्याने झाका, मोठं फडकं, आत सरकणार नाही एवढं. एक छोटा बोल्ट आत पडला तर दिवस गेला. काढलेले बोल्ट एका स्टीलच्या ताटलीत. मूळ बॉक्स बहुतेक वेळा रबरात दाबून बसवलेला असतो, सरळ वर ओढला की निघतो.

सेन्सर जुन्या पाईपमधून काढून नव्यात बसवताना दोन गोष्टी बघा, त्यावरचा बाण हवेच्या दिशेने म्हणजे इंजिनाकडे आहे ना, आणि त्याची ओ-रिंग जागेवर आहे ना. तारेला बोट लावू नका. स्क्रू प्लास्टिकमध्ये जातो तेव्हा कचकचून आवळायचा नाही. इंजिनातून येणारी ब्रीदरची नळी नव्या पाईपला जोडायला विसरू नका, लोक खरंच विसरतात आणि मग तिथून न मोजलेली हवा आत जाते. टर्बो गाडीत डायव्हर्टर व्हॉल्व्हची (टर्बोचा जास्तीचा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) नळीपण इनटेकलाच परत येत असेल तर तीही बघा.

सगळे जोड आधी सैल ठेवूनच जुळवा, पाईप कुठेही ताणलेला नको, मग एकेक क्लिप आवळा. इंजिन रेस केल्यावर हलतं, व्ही८ तर चांगलंच हलतं, त्यामुळे पाईप आणि बाकी कुठल्याही वस्तूमध्ये बोटाएवढी जागा हवी. बॉनेटला लागतं का बघायला मुलांच्या खेळण्याच्या क्लेचे गोळे पाईपवर ठेवून बॉनेट हळू बंद करायचं आणि उघडून गोळा किती चेपला ते बघायचं, मी असंच केलं आणि झाकणाची एक कड चार मिलिमीटर खाली घ्यावी लागली.

बॅटरी जोडून गाडी सुरू केल्यावर पहिली एक-दोन मिनिटं आयडल वरखाली होऊ शकतो, कॉम्प्युटर परत शिकत असतो. दहा-पंधरा मिनिटं साधी चालवा. १०० किमी झाले की सगळ्या क्लिपा परत एकदा तपासा, गरम-थंड होऊन सिलिकॉन बसतं आणि क्लिप सैल पडते.

एक लक्षात ठेवा, सेन्सर ते थ्रॉटल (टर्बो गाडीत सेन्सर ते टर्बो) या भागात हवेचा दाब जवळजवळ बाहेरच्याएवढाच असतो, त्यामुळे गळती असली तरी शिट्टीसारखा आवाज बहुतेक येत नाही. कानावर विसंबू नका, ट्रिम बघा. आधीपेक्षा ट्रिम ८-१० ने वर गेला किंवा पी०१७१ आणि पी०१७४ हे इंजिन लीन असल्याचे कोड आले तर कुठूनतरी न मोजलेली हवा जातेय.

पांढरं फडकं

आता जे सांगतोय ते या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं.

आपल्याकडची धूळ लाल आहे. डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यात तर खनिजाच्या ट्रकमागून गेलात की बॉनेट उघडल्यावर आतल्या प्रत्येक कडेवर बारीक तांबडी पावडर दिसते, आणि चिरेखाणीजवळ किंवा हायवेच्या कामाशेजारी राहणाऱ्यांचीही तीच गत. ही पावडर फिल्टरमागे गेली की सिलिंडरच्या भिंती घासते, टर्बो असेल तर आधी कॉम्प्रेसरची पाती खाते, आणि सुरुवातीला गाडीत तुम्हाला काहीही जाणवत नाही. पण रंग लाल असल्याचा एक फायदा आहे, ती लपत नाही.

नोव्हेंबर ते मे दर महिन्याला एकदा गाडी थंड असताना फिल्टर काढा. एक धुतलेलं पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळून पाईपच्या आत, म्हणजे फिल्टरच्या मागच्या स्वच्छ बाजूला, गोल फिरवा, सेन्सरला न लागता. फडकं पांढरंच राहिलं, छान. थ्रॉटलच्या बाजूला थोडं काळपट तेलकट लागलं तर घाबरू नका, ती ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ. पण फडक्यावर तांबूस छटा आली, अगदी चहाचा डाग पुसल्यासारखी फिकट का असेना, तर गाडी तिथेच थांबवा आणि कारण शोधा.

डाग कुठे आहे त्यावरून कारण कळतं. माझ्याकडे एका फेब्रुवारीत सर्व्हिसनंतर आठ दिवसांनी मी फडकं फिरवलं तर सगळीकडे स्वच्छ आणि खालच्या बाजूला, फिल्टरची मान पाईपवर बसते तिथून, बोटभर रुंद एकच लाल पट्टा आत आलेला. ज्या गॅरेजला सर्व्हिस केलेली तिथे फिल्टर परत लावताना मान तिरकी बसली आणि क्लिप वरून आवळली गेली, खाली नखाएवढी फट राहिली होती. आठ दिवस, डिचोली ते पणजी जाऊन-येऊन, तेवढ्या फटीतून इंजिन धूळ पीत होतं आणि ट्रिममध्ये काहीच दिसलं नाही, कारण ही फट सेन्सरच्या आधी होती, हवा मोजली जात होती पण गाळली जात नव्हती. हा प्रकार स्कॅनर पकडू शकत नाही, फडकंच पकडतं. तेव्हापासून माझ्या गाडीचा फिल्टर मी सोडून कोणी उघडत नाही, सर्व्हिसला देतानाच स्पष्ट सांगतो.

पट्टा नसून सगळीकडून सारखी लाली असेल तर दोष फिल्टरचाच, फाटलाय, घासून धुतलाय किंवा तेलाचा असेल तर तेल कमी पडलंय. बदलून टाका.

धुणं

डब्यावर ८०,००० किमीपर्यंत धुवायची गरज नाही असं लिहिलेलं असतं ना, ते आपल्या रस्त्यांसाठी नाही. पण दर आठवड्याला पण धुवू नका, जरासा मळलेला फिल्टर उलट जास्त बारीक धूळ अडवतो. घड्यांमधली जाळी दिसेनाशी झाली की धुवायची वेळ आली. मला उन्हाळ्यात साधारण ५,००० किमीला लागतं, मडगाव-पणजी करणाऱ्या मित्राला त्याच्या दुप्पट चालतं.

आधी हलकेच आपटून सुटी धूळ झाडा. फिल्टरचाच क्लीनर मारून दहा मिनिटं ठेवा, वाळू देऊ नका. मग नळाच्या हलक्या धारेने आतून बाहेर पाणी सोडा, म्हणजे स्वच्छ बाजूने, नाहीतर धूळ उलट आत रुतते. पहिलं पाणी कुंकवासारखं लाल येतं, ते स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा. प्रेशर पंप नाही, कॉम्प्रेसरची हवा नाही, हेअर ड्रायर नाही, पेट्रोल-रॉकेल तर अजिबात नाही. सावलीत वाळवा आणि आपल्या दमट हवेत त्याला पूर्ण रात्र द्या, वरून कोरडा लागतो पण घड्यांच्या तळाशी ओल असते.

तेलवाला फिल्टर असेल तर प्रत्येक घडीवर एक बारीक रेघ तेलाची, वीस मिनिटं थांबायचं, पांढरं राहिलं तिथेच थोडं अजून, बस. माझी चूक इथे झाली. पहिल्यांदा धुतल्यावर मी भीतीने जास्त तेल लावलं, धूळ नको जायला म्हणून. दोन दिवसांनी बेळगावला निघालो, केरी सोडून घाट चढायला लागलो, अंजुणे धरणाच्या वर आलो तोच चेक इंजिन लाईट आणि गाडी अडखळायला लागली. कोड पी०१०१, म्हणजे मॅफ सेन्सरचा. तेलाचा पातळ थर सेन्सरच्या तारेवर बसलेला. बाजूला घेऊन, परत फिरून, हळूहळू घरी आलो.

असं झालं तर सेन्सर काढून मॅफ क्लीनरचे दहा-पंधरा फवारे तारेवर, लांबून, स्पर्श न करता, आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावा. ब्रेक क्लीनर किंवा कार्ब क्लीनर वापरू नका. बहुतेक वेळा एवढ्याने सुटतं, माझं सुटलं.

समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी एक, मिरामार, मोरजी, कोलवा वगैरे. खाऱ्या हवेत साध्या लोखंडी क्लिपा एका वर्षात गंजून अडकतात, ३१६ ग्रेड स्टेनलेसच्या घ्या, ३०४ पेक्षा त्या खारी हवा जास्त सोसतात.

पाऊस

पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबू शकत नाही. इंजिनाने घोटभर पाणी ओढलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. माझ्या मावसभावाच्या गाडीत फिल्टर बंपरच्या मागे खाली होता, जुलैच्या संध्याकाळी रस्त्यावर पाणी साचलेलं, त्याला वाटलं घोट्याएवढंच आहे, आणि होतंही तेवढंच, पण समोरून ट्रक आला आणि त्याची लाट बंपरवर चढली. गाडी बंद पडली. त्याने घाबरून दोनदा स्टार्टर मारला. इंजिन उघडलं तेव्हा दोन रॉड वाकलेले निघाले, आणि पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन नव्हतं म्हणून सगळा खर्च खिशातून गेला. साध्या पॉलिसीत हे नुकसान धरत नाहीत, नूतनीकरणाच्या वेळी हा ॲड-ऑन आहे का ते आजच बघा.

पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हात लावू नका. ढकलून बाहेर काढा, टो करा, मेकॅनिकला आधी स्पार्क प्लग काढून पाणी बघायला सांगा. पणजीत १८ जून रस्ता भरतो, साखळीत वाळवंटी वर येते, तुमच्या गावातली अशी जागा तुम्हाला माहीत असेलच, त्या दिवशी दुसऱ्या वाटेने जा किंवा दुसरी गाडी घ्या.

आणि फिल्टरवर टोपी घालून पावसाळा काढता येतो असं सांगतात, ती टोपी शिंतोडे अडवते, साचलेलं पाणी नाही. माझा उपाय सरळ आहे. मेच्या शेवटच्या रविवारी इनटेक निघतो आणि मूळचा बॉक्स बसतो. दीड तासाचं काम, दुसऱ्या वर्षी हात बसला की तासाभराचं. पाचेक महिने आवाज नाही, पण छातीत धडधडही नाही. नरकासुर जाळून झाला, रस्ते कोरडे पडले की दिवाळीनंतरच्या रविवारी परत इनटेक.

काढलेला फिल्टर धुऊन, दोन दिवस पूर्ण वाळवून, कागदात गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आपल्याकडे आषाढात पिशवीतल्या सगळ्याला बुरशी येते. तेलवाला असेल तर तेल आत्ता लावू नका, बसवायच्या दिवशी लावा. पाईपची दोन्ही तोंडं कापड बांधून बंद करा, नाहीतर उंदीर नाहीतर कुंभारीण माशी आत घर करते, आणि नोव्हेंबरमध्ये बसवायच्या आधी टॉर्च घेऊन एकदा आत नीट बघा.